घर अलीकडे, कचेरी पलीकडे

कोकणातला चाकरमानी मुंबईच्या गिरणीत खपायचा आणि महिन्याच्या महिन्याला गावी मनीऑर्डर धाडायचा, तेव्हा तो पैसा खरा कोणाचा, ह्यावर घराघरांत बरीच भवति न भवति झालेली आहे. भाऊबंद म्हणत, तो घराण्याचा. बायको म्हणे, तो पोराबाळांचा. आणि चाकरमानी बिचारा मनातल्या मनात म्हणे, तो खाणावळवालीचा. पण सरकारी खजिन्याने ह्या वादात कधी तोंड घातले नाही. 'घाम तुमच्याकडे गळला तरी माणूस आमचा, सबब कर आमचा' अशी फिर्याद रत्नागिरीने मुंबईवर कधी लावली नाही. आजही बांद्याचा तरुण सकाळी पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात नोकरीला जातो, चंदगडचा माणूस बेळगावात जातो. राज्य बदलते, दुकानांवरच्या पाट्या बदलतात. परंतु पगारातून कापला जाणारा प्राप्तिकर एकाच तिजोरीत, दिल्लीला जाऊन पडतो. आपण राहतो कुठे आणि राबतो कुठे, ह्याचा विचार त्या तरुणाला कर भरताना करावा लागत नाही.

अमेरिकेत तो करावा लागतो. तिथे केंद्र सरकारचा प्राप्तिकर तर आहेच; शिवाय बहुतेक राज्यांचा आपापला प्राप्तिकर आहे, आणि न्यू यॉर्कसारख्या काही शहरांनी त्यावर तिसरा थर चढवलेला आहे. अलास्का, फ्लॉरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डाकोटा, टेनेसी, टेक्सस, वॉशिंग्टन आणि वायोमिंग ही नऊ राज्ये नोकरदाराच्या पगाराला हात लावत नाहीत. बाकीची एकेचाळीस लावतात, प्रत्येक आपल्या दराने आणि आपल्या तऱ्हेने. एकाच राज्यात घर आणि तिथेच कचेरी असली तर ह्यात काही अडचण नाही. अडचण आहे ती सीमेवरच्या माणसाची.

आणि सीमेवर आता आपली माणसे पुष्कळ आहेत. एडिसन, जर्सी सिटी ही नावे पुण्या-नाशिकच्या आईबापांना शेजारच्या गल्लीइतकी पाठ झाली आहेत. ही गावे न्यू जर्सी राज्यातली. मध्ये हडसन नदी, आणि पलीकडच्या तीरावर मॅनहॅटन, म्हणजे न्यू यॉर्क. नदीखालचा हॉलंड बोगदा १९२७ सालचा, वरचा जॉर्ज वॉशिंग्टन पूल १९३१ सालचा; शिवाय नदीच्या पोटातून आगगाड्या धावतात. जर्सी सिटीत गाडीत बसलेला माणूस दादरहून चर्चगेटला लागतो त्याहून कमी वेळात राज्य ओलांडून कचेरीत पोचतो. घर स्वस्त, शाळा बऱ्या, म्हणून बिऱ्हाड अलीकडे. पगार जाडा, म्हणून कचेरी पलीकडे. एवढ्या साध्या सोयीपायी वर्षाकाठी दोन राज्यांना हिशेब द्यावा लागतो.

हिशेबाची रीत समजून घेण्यासारखी आहे. कारण 'मुलाला दोनदा कर भरावा लागतो हो!' असे जे आपल्याकडे हळहळून सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. ज्या राज्यात काम केले त्याचा पहिला हक्क. ज्या राज्यात घर आहे त्याचा हक्क सगळ्याच मिळकतीवर, मग ती जगात कुठेही मिळवलेली असो. पण परराज्यात भरलेला कर ते आपल्या करातून वजा करू देते. समजा, एका गृहस्थाच्या पगारावर न्यू यॉर्कच्या हिशेबाने ५,००० डॉलर कर होतो आणि न्यू जर्सीच्या हिशेबाने ४,००० (आकडे समजुतीपुरते घेतले आहेत). न्यू यॉर्क आपले ५,००० घेऊन मोकळे होते. न्यू जर्सी म्हणते, 'माझे ४,००० व्हायचे, ते तू पलीकडे भरलेसच. जा, तुला माफ.' वरचे १,००० मात्र कोणी परत करीत नाही. आता आकडे उलटे करा: पलीकडे ४,०००, अलीकडे ५,०००. तर उरलेले १,००० घरच्या राज्याला द्यावे लागतात. म्हणजे दोनदा कर नाही, हे खरे. पण दोहोंतला जो मोठा आकडा तोच नेहमी नशिबी यायचा, हेही खरे. आणि कागदपत्रे मात्र दोहोंची.

ह्यात न्यू यॉर्कची आणखी एक हातचलाखी आहे. परराज्यातल्या माणसावर कर बसवताना ते दर ठरवते तो त्याच्या एकंदर मिळकतीवरून, आणि मग न्यू यॉर्कात मिळवलेल्या हिश्शापुरता कर घेते. नवरा नदीपलीकडे जातो, बायको न्यू जर्सीतच एखाद्या दवाखान्यात काम करते, आणि दोघे मिळून एकच विवरणपत्र भरतात असे धरा. बायकोने न्यू यॉर्कचे तोंडही पाहिलेले नसते; तरी तिच्या पगारामुळे नवऱ्याच्या पगारावरचा दर वर चढतो. ह्यावर भांडण झाले. १९९२ मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने ही रीत वैध ठरवली. (त्या राज्यात सर्वांत वरच्या न्यायालयाला कोर्ट ऑफ अपील्स म्हणतात, आणि सुप्रीम कोर्ट हे नाव खालच्या कोर्टाला आहे! अशा राज्याकडून कर सोपा असण्याची अपेक्षा करणेच चूक.)

मराठी शिकवण्याचा माझा धंदा असल्यामुळे मला ह्या कायद्यातली सर्वांत रंजक गोष्ट वाटली ती शब्दांची. 'राहणे' ह्या एका क्रियेचे तिथल्या कायद्याने तीन तुकडे केले आहेत, आणि इंग्रजी वकील त्यांवर पानेच्या पाने खर्ची घालतात. आपल्याकडे त्यांना तीन साधे शब्द तयार आहेत: घर, बिऱ्हाड आणि मुक्काम. घर म्हणजे जिथे माणूस शेवटी परतणार ती जागा. कायदा म्हणतो, ते एका वेळी एकच असू शकते, आणि नवे सिद्ध होईपर्यंत जुने सुटत नाही. बिऱ्हाड म्हणजे राहण्याजोगी कायमची जागा. ती कितीही असोत. मुक्काम म्हणजे दिवसांची मोजदाद. न्यू यॉर्कचा नियम असा की, घर कुठेही असो, न्यू यॉर्कात ज्याचे बिऱ्हाड आहे आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस ज्याचा तिथे मुक्काम पडला, तो न्यू यॉर्कचा रहिवासी. त्याच्या सगळ्या मिळकतीवर कर. आणि दिवसाचा थोडासा भागही मोजताना अख्खा दिवस धरला जातो. सकाळी येऊन दुपारी परत गेलात तरी एक दिवस झाला. अशा रीतीने दोन राज्ये एकाच माणसाला एकाच वर्षी आपापला रहिवासी ठरवू शकतात, आणि मग गुंतवणुकीच्या व्याजावर खरोखरच दोन्हीकडे कर भरायची पाळी येते. तेवढ्यापुरती आईबापांची हळहळ योग्य आहे.

घर कुठे हे ठरवताना तिथले तपासनीस पाच गोष्टी पाहतात: घरे कोणती व किती मोठी, धंद्यात लक्ष कुठून घातले जाते, वेळ कुठे जातो, कुटुंब कुठे आहे, आणि जिवाभावाच्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत. ह्या शेवटल्या कलमात जुने फोटो येतात, वडिलार्जित वस्तू येतात आणि पाळीव प्राणीही येतात. न्यू यॉर्क सोडून टेक्ससमधल्या डॅलस शहरी गेलेल्या एका बड्या कंपनी-अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याने आपला कुत्रा केव्हा तिकडे नेला, ह्याला पुराव्यात मोठे वजन आले आणि २०१७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. कुत्रा आला, म्हणजे मालक खरोखरच आला! आमच्याकडे एखाद्याने गावचे घर सोडले की नाही हे देव्हाऱ्यातले टाक कुठे आहेत ह्यावरून ओळखतात. त्यातलाच हा प्रकार. बेसबॉलचा विख्यात खेळाडू डेरेक जीटर म्हणे, माझे घर फ्लॉरिडातल्या टॅम्पाला; न्यू यॉर्क म्हणे, २००१ ते २००३ ह्या वर्षांत तू आमचा. ते प्रकरण २००८ मध्ये आपसात मिटले. फ्लॉरिडात पगारावर कर नाही, हे ध्यानात घेतले की त्या वादातली गोम कळते.

ही सगळी गुंतवळ झाली कशी? राज्याच्या प्राप्तिकराचा आधुनिक नमुना विस्कॉन्सिनने १९११ साली घालून दिला. केंद्राचा प्राप्तिकर घटनादुरुस्तीने १९१३ मध्ये पक्का झाला. न्यू यॉर्कने १९१९ मध्ये आपला आणला. लगेच वर्षभरात प्रश्न उभा राहिला की, परराज्यातल्या माणसावर कर बसवता येतो काय? १ मार्च १९२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. एकात ओक्लाहोमात तेलाच्या विहिरी असलेला, पण इलिनॉयमध्ये राहणारा एक धनिक होता. न्यायालय म्हणाले, ज्या राज्याच्या संरक्षणाखाली पैसा निर्माण झाला त्याला त्यातला वाटा मागता येतो. दुसऱ्यात येल आणि टाउन ही कुलुपे बनवणारी कंपनी होती. येल हे नाव आपल्या दारांवरही पुष्कळ वर्षे होते. तिची कचेरी न्यू यॉर्कातही होती, आणि तिथल्या नोकरांपैकी काही परराज्यांत राहत. न्यू यॉर्क आपल्या रहिवाशांना, लग्न न झालेल्याला १,००० आणि विवाहिताला २,००० डॉलर मिळकतीवर सूट देई. परराज्यातल्याला काही नाही. न्यायालयाने हा दुजाभाव मोडून काढला. कर घ्या, पण आपल्याला एक आणि परक्याला एक अशी दोन मापे ठेवू नका. पुढे १९७५ मध्ये ह्याच तत्त्वावर न्यू हॅम्पशायरचा एक कर उडाला. ते राज्य आपल्या माणसांच्या पगारावर काही घेत नसे, पण शेजारच्या मेन राज्यातून कामाला येणाऱ्यांकडून मात्र घेई!

हडसनच्या त्याच काठाजवळ, मॅनहॅटनच्या वरच्या अंगाला, कोलंबिया विद्यापीठ आहे. हे निकाल लागण्यापूर्वी चारच वर्षे तिथून एक मराठी विद्यार्थी बाहेर पडला होता. १९१३ ते १९१६ ह्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे अर्थशास्त्र शिकत होते, आणि त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन हे प्राप्तिकराच्या शास्त्रातले त्या काळचे फार मोठे नाव. पुढे राष्ट्रसंघाने एकाच मिळकतीवर दोन सरकारांनी कर घेण्याच्या प्रश्नावर चार अर्थशास्त्रज्ञांकडून अहवाल मागवला, तो १९२३ साली निघाला. त्या चौघांत सेलिग्मन होते. त्यांचा मुद्दा असा की, माणसाची आर्थिक नाळ एका जागी नसते. पैसा जिथे निर्माण होतो, जिथे असतो आणि जिथे खर्च होतो, त्या सगळ्या जागांचे त्यावर थोडे थोडे ऋण असते. बाबासाहेबांचा ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन ह्यांचीच आहे. केंद्राने काय घ्यावे आणि प्रांतांनी काय, हाच त्या ग्रंथाचा विषय.

आपल्या घटनेत शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राच्या यादीत आहे आणि त्यातून राज्यांना वाटा मिळतो. शेतीच्या उत्पन्नावरचा कर तेवढा राज्यांच्या यादीत. ही विभागणी १९३५ च्या कायद्यातही होतीच. नोकरदाराच्या पगारावर राज्याचा हात पडतो तो फक्त व्यवसाय कराच्या रूपाने, आणि त्याला घटनेच्या २७६व्या कलमाने वर्षाला २,५०० रुपयांचे कुंपण घातले आहे. महाराष्ट्रात हा कर १९७५ च्या कायद्याने आला. पगारपत्रकावर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये का कापले जातात, असे ज्यांना कोडे पडते त्यांनी बेरीज करून पाहावी. आपल्या कुंपणाची किंमत अमेरिकेतल्या नोकरदाराला विचारावी.

तिकडे परत जाऊ. न्यू जर्सीत १९७६ पर्यंत सर्वसाधारण असा प्राप्तिकरच नव्हता. शाळा चालत त्या घरपट्टीवर. श्रीमंत गावाची घरपट्टी भरघोस, तर शाळा उत्तम; गरीब गावाची शाळा गळकी. तिथल्या न्यायालयाने १९७३ मध्ये ही तऱ्हा राज्यघटनेत बसत नाही असे सांगितले, आणि विधिमंडळ हलेना तेव्हा १ जुलै १९७६ पासून सरकारी शाळांचा खर्चच थांबवून टाकला. आठ दिवसांत प्राप्तिकराचा कायदा झाला! गव्हर्नर ब्रेंडन बर्न ह्यांनी ८ जुलैला त्यावर सही केली. ह्या कराचा पैसा घरपट्टीचा भार हलका करण्याकडेच लावला पाहिजे, असे त्या राज्याच्या घटनेत लिहिलेले आहे. त्यातला मोठा भाग शाळांकडे जातो. तेव्हा जर्सी सिटीतल्या माणसाचा कर न्यू यॉर्ककडे गेला, म्हणजे नुसते आकडे इकडचे तिकडे झाले असे नव्हे. त्याची मुले ज्या शाळेत जातात तिच्या वाटणीचा पैसा नदीपलीकडे गेला. उलट न्यू यॉर्कही म्हणते, आणि ते खोटे नाही, की तुमचा माणूस दिवसभर आमच्या रस्त्यांवर चालतो, आमच्या पोलिसांच्या भरवशावर वावरतो, आग लागली तर आमचा बंब धावतो. ह्याचा खर्च कोणी द्यायचा?

गंमत अशी की खुद्द न्यू यॉर्क शहराला, जिथले रस्ते झिजतात त्याला, ह्या परगावच्या नोकरदारांकडून प्राप्तिकराचा एक पैसाही मिळत नाही. मिळतो तो राज्याला. पूर्वी मिळे. महापौर जॉन लिंडसे ह्यांच्या कारकिर्दीत १९६६ मध्ये शहराने बाहेरून कामाला येणाऱ्यांवर कर बसवला; शेवटी शेवटी तो शंभर डॉलर पगारामागे पंचेचाळीस सेंट होता. १९९९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने एका पोटनिवडणुकीच्या तोंडावर तो रद्द केला, पण फक्त न्यू यॉर्क राज्यातच राहणाऱ्या लोकांपुरता; न्यू जर्सी आणि कनेटिकट इथल्यांनी भरतच राहावा! कारण उघड आहे. त्यांना न्यू यॉर्कात मत नाही. अर्थातच १९२० चे माप पुन्हा आडवे आले, आणि २००० मध्ये न्यायालयाने बाहेरच्यांवरचाही कर रद्द ठरवला. शहर दोन्हीकडून गेले.

मत नाही, हेच ह्या प्रकरणातले खरे शल्य आहे. प्रतिनिधित्वावाचून कर नाही, ह्या घोषणेवर ज्या देशाचे स्वातंत्र्ययुद्ध उभे राहिले, त्या देशात आज मोठ्या संख्येने माणसे अशा राज्याला कर देतात, जिथल्या आमदाराला ती पाडूही शकत नाहीत आणि निवडूनही देऊ शकत नाहीत. राजधानी वॉशिंग्टनचा न्याय तर अगदी उलटा. मेरीलंड आणि व्हर्जिनिया इथून रोज कामाला येणाऱ्यांवर प्राप्तिकर बसवायला त्या शहराला १९७३ च्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे. शेजाऱ्यांचे प्रतिनिधी काँग्रेसात मत देतात, शहराचा तिथला प्रतिनिधी सभागृहाच्या अंतिम मतदानात मत देऊ शकत नाही. मनाई का झाली हे वेगळे सांगायला नको.

काही शेजारी मात्र समंजस आहेत. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ह्यांच्यात करार आहे: पगारावर कर ज्याच्या त्याच्या घरच्या राज्याने घ्यावा, कामाच्या राज्याने मागू नये. इलिनॉयने विस्कॉन्सिन, मिशिगन, केंटकी, आयोवा ह्यांच्याशी असेच करार केले आहेत. पण करार तिथेच टिकतात जिथे ये-जा जवळपास तुल्यबळ असते. मिनेसोटाला विस्कॉन्सिनशी असलेला करार तोट्याचा वाटू लागला, तेव्हा २०१० पासून तो संपला. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनीही २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा करार मोडण्याची नोटीस दिली होती. ओरड झाली आणि दोन-अडीच महिन्यांत ती मागे घेतली. न्यू यॉर्क असल्या करारात शिरलेलेच नाही. ते कशाला शिरेल? सकाळची गर्दी नदी ओलांडून त्याच्याचकडे येते.

धंद्याधंद्यांचे नियम निराळे, ते पाहिले की हसू येते. आगगाडीचा ड्रायव्हर रोज तीन राज्यांतून गाडी हाकीत असला तरी केंद्राच्या कायद्याने त्याच्या पगारावर फक्त घरच्या राज्याला कर घेता येतो; त्याच गाडीत बसून कचेरीत जाणाऱ्या उतारूला ती सवलत नाही. उलट टोक खेळाडूंचे. १९९१ मध्ये शिकागोचा बास्केटबॉल संघ कॅलिफोर्नियात जाऊन अंतिम सामने जिंकला, तर कॅलिफोर्नियाने खेळाडूंच्या त्या दिवसांच्या कमाईवर कर मागितला. इलिनॉयने १९९२ मध्ये उट्टे काढणारा कायदा केला: जे राज्य आमच्या खेळाडूंवर कर घेईल, त्याच्या खेळाडूंवर आम्ही घेऊ. मायकेल जॉर्डनचा सूड, असे त्याला लोक म्हणत.

आतापर्यंतच्या सगळ्या भांडणांत एक गोष्ट गृहीत होती: माणसाचा देह जिथे, तिथे त्याचे काम. पण काम घरी आले तर? न्यू यॉर्कचा जुना नियम आहे की, नोकरी न्यू यॉर्कच्या कचेरीशी बांधलेली असेल आणि नोकर आपल्या सोयीसाठी परराज्यातल्या घरी बसून काम करीत असेल, तर तो दिवसही न्यू यॉर्कातलाच धरावा. मालकाच्या गरजेपोटी घरी बसला असेल तरच सूट. एडवर्ड झेलिन्स्की हे कायद्याचे प्राध्यापक. राहणे कनेटिकटमधल्या न्यू हेवनला, शिकवणे मॅनहॅटनमध्ये. आठवड्यातले तीन दिवस ते वर्गावर जात, दोन दिवस घरी बसून संशोधन आणि लेखन करीत. घरच्या दिवसांचा कर त्यांच्याकडून न्यू यॉर्कनेही मागितला आणि कनेटिकटनेही. कारण कनेटिकटच्या मते ते काम कनेटिकटात झाले होते. इथे वजावटीची मलमपट्टीही नव्हती. २००३ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. २००५ मध्ये टेनेसीतला एक संगणक-तंत्रज्ञ, टॉमस हकबी, चार विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याने तीन चतुर्थांश काम टेनेसीत आपल्या घरी केले होते. कर शंभर टक्के पगारावर बसला.

घर हीच मालकाची खरीखुरी कचेरी आहे असे सिद्ध करता येते, पण कसे? खात्याने २००६ मध्ये उदाहरण दिले: नोकराला नव्या मोटारींची चाचणी घ्यायची असेल, त्यासाठी लागणारी धावपट्टी न्यू यॉर्कच्या कचेरीत नसेल आणि त्याच्या घराजवळ असेल, तर ती अट पुरी झाली! एडिसनमधल्या दोन खोल्यांत स्वयंपाकघराच्या टेबलावर संगणक मांडून बसलेल्या आमच्या मुलाने मोटारीची धावपट्टी आणायची कुठून?

माझे मत विचाराल तर, नदी ओलांडून जाणाऱ्याने पलीकडच्या रस्त्याचे मोल द्यावे, ह्यात मला अन्याय दिसत नाही. पण जो घराच्या उंबऱ्याबाहेरही पडला नाही, ज्याच्या दाराशी बंब आला तर तो आपल्याच गावचा येणार, त्याच्याकडून पलीकडच्या राज्याने मोल मागणे हे मला करवसुलीपेक्षा खंडणीकडे झुकणारे वाटते.

२०२० च्या करोनाने हा अपवादाचा प्रश्न रातोरात घरोघरचा केला. कचेऱ्या बंद, लोकांना घरी बसायला सरकारनेच सांगितलेले. तरीही न्यू यॉर्कने आपला नियम सोडला नाही. मॅसॅच्युसेट्सने तर नवाच नियम काढला की, पूर्वी आमच्याकडे येणारे आता घरी बसून करतात ते काम आमच्याकडेच झाले असे धरू. पगारावर कर नसलेल्या न्यू हॅम्पशायरने ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात मॅसॅच्युसेट्सवर दावा लावला. न्यू जर्सी, कनेटिकट वगैरे राज्यांनी त्याला पाठिंब्याची निवेदने दिली. जून २०२१ मध्ये न्यायालयाने दावा ऐकूनच घेतला नाही. मॅसॅच्युसेट्सचा तो तात्पुरता नियम त्या सप्टेंबरात संपला. न्यू यॉर्कचा आहे तसाच आहे. परराज्यात थोडे दिवस काम करणाऱ्यांना तीस दिवसांपर्यंत मोकळीक देणारे एक विधेयक वॉशिंग्टनच्या काँग्रेसात वर्षानुवर्षे येते. कनिष्ठ सभागृहात ते एकाहून अधिक वेळा मंजूर झाले, पण सिनेटच्या पलीकडे गेलेले नाही.

शेवटी न्यू जर्सीने जुलै २०२३ मध्ये आपला कायदा केला. जे राज्य आमच्या घरी बसलेल्या माणसाला आपला धरील, त्याच्या घरी बसलेल्या माणसाला आम्हीही आमचा धरू. आणि त्याहून नवलाची दुसरी तरतूद: न्यू जर्सीच्या ज्या रहिवाशाने दुसऱ्या राज्याशी लढून अशा कराचा परतावा जिंकून आणला, त्याला न्यू जर्सीला त्यामुळे जो कर द्यावा लागेल त्यातले निम्मे माफ. राज्य आपल्या प्रजेला म्हणते, तुम्ही लढा, आम्ही पाठीशी आहोत! झेलिन्स्की प्राध्यापकांनी २०१९ आणि २०२० ह्या वर्षांसाठी पुन्हा न्यू यॉर्कशी दावा मांडला. २०२३ च्या नोव्हेंबरात पहिल्या पायरीवर तो फेटाळला गेला.

तोवर नदीकाठची माणसे वह्या ठेवतात. कोणत्या तारखेला गाडी पकडली, कोणत्या तारखेला घरी बसलो, सुट्टीचा दिवस कोणता, आजारपणाचा कोणता. पुलावरच्या टोलची नोंद, गाडीच्या तिकिटांचा हिशेब, सगळे जपून ठेवतात. तपासनीस विचारतो तेव्हा मागचे तीनतीन वर्षांचे दिवस सांगावे लागतात. दिवाळीच्या दिवशी आपण नदीच्या अलीकडे होतो की पलीकडे, तेसुद्धा त्या वहीत असते.